ट्यूब फ्लाय: गळ वेगळा, पिसारा वेगळा (डी नदी, ॲबर्डीन)

डीकाठी (धागाकर्ता), १४ मार्च

मागे मी फिशिंगच्या डबीचा फोटो टाकला होता, त्यावर दोघातिघांनी विचारलं की ह्या केसाळ पुंगळ्या कसल्या आणि ह्यांना गळ कुठंय. तिथेच उत्तर लिहायला घेतलं पण लांबत गेलं म्हणून वेगळा धागा. ज्यांना मासेमारीत रस नाही त्यांनी इथूनच मागे फिरा, नंतर तक्रार चालणार नाही.

मी ॲबर्डीनला असतो, ऑइल अँड गॅस, तीन आठवडे समुद्रात तीन आठवडे घरी. घरी असलो की तिसऱ्या दिवशी बायको म्हणते जरा बाहेर जा, मग मी डीवर जातो. डी नदी केअर्नगॉर्मच्या डोंगरात बाराशे मीटरच्या आसपास उगम पावते, ब्रेमार, बॅलटर, अबॉइन, बँकरी करत शेवटी ॲबर्डीनच्या बंदरात समुद्राला मिळते. राजाचं बाल्मोरल हिच्याच काठावर. सॅल्मनचा सीझन १ फेब्रुवारी ते १५ ऑक्टोबर, आणि स्कॉटलंडमध्ये रविवारी सॅल्मन धरायला कायद्याने बंदी, म्हणजे नोकरदार माणसाचा वीकेंड हा नुसता शनिवार.

फ्लाय फिशिंग माहीत नसलेल्यांसाठी: आपल्याकडे गरी फेकतो तेव्हा वजन शिशाचं असतं, इथे वजन दोरीचंच असतं. जाड लाइन हवेत उलगडायची, तिच्या टोकाला तंगूस (बारीक पारदर्शक दोरी), तंगुसाच्या टोकाला फ्लाय, म्हणजे केस पिसं जरी गुंडाळून केलेला खोटा जीव. खाण्याचं आमिष काहीच नाही. त्यात गंमत अशी की सॅल्मन समुद्रातून नदीत शिरला की जेवणच सोडतो, अंडी घालायला निघालेला असतो, तरी फ्लाय तोंडात धरतो. का धरतो ह्यावर नदीवरच्या प्रत्येक माणसाचं वेगळं मत आहे आणि प्रत्येकाला स्वतःचं पक्कं पटलेलं आहे.

आता मुद्दा. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये, पाणी इतकं गार की वेडर्सच्या (पाण्यात उभं राहायच्या उंच बुटांच्या) आत दोन मोजे घालून पण पायाची बोटं आहेत की गेली कळत नव्हतं, माझ्या फ्लायला मासा लागला. फ्लाय अडीच इंची, लांब दांड्याच्या गळावर बांधलेली, दुकानातून विकत घेतलेली. सात-आठ मिनिटं मासा खेळवला, काठाजवळ आला, पाठ दिसली, त्याने दोनदा मान झटकली आणि दोरी सैल. त्या सीझनचा हा असा तिसरा. काठावर घिली बसला होता (घिली म्हणजे नदीच्या त्या पट्ट्याचा राखणदार, मार्गदर्शक आणि गरज पडली तर सासरा). त्याने फ्लाय मागितली, गळाच्या दांड्यावरून बोट फिरवलं, म्हणाला मासा तुझ्या हातून नाही, ह्या दांड्याने सुटला.

मी मेकॅनिकलवाला, लगेच डोक्यात पडलं. जाम नट सुटत नसला की आपण पान्याला पाइप लावून पाना लांब करतो की नाही, तसं माशाला मी आयता लांब पाना देत होतो. तो मान झटकतो, दांडा तरफेसारखा फिरतो, गळाने तोंडात पाडलेलं भोक मोठं होतं आणि गळ निघतो.

ट्यूब फ्लायमध्ये हे सगळं दोन तुकड्यांत असतं. केस-पिसं बांधायची एका पुंगळीवर, प्लास्टिकची किंवा धातूची, अर्ध्या इंचापासून दोन-तीन इंचापर्यंत. तंगूस पुंगळीतून ओवायचं, मागे छोटासा बुटका गळ बांधायचा, आणि गळाचं डोळं (तंगूस बांधायचं भोक) सिलिकॉनच्या मऊ नळीच्या तुकड्यात खुपसायचं म्हणजे पोहताना गळ सरळ राहतो. मासा लागला की गळ त्या नळीतून सुटतो, पुंगळी तंगुसावरून वर सरकते, आणि माशाच्या तोंडात राहतो फक्त तो बुटका गळ. तरफ करायला काही उरतच नाही. शिवाय गळ दगडावर बोथट झाला तर दहा पैशांचा गळ बदला, तासभर बसून बांधलेली फ्लाय तशीच.

हे सगळं जन्माला आलं ते आमच्याच गावात. साधारण १९४५ साली ॲबर्डीनच्या चार्ल्स प्लेफेअर अँड कंपनीत विनी मोराव्स्की नावाच्या फ्लाय बांधणाऱ्या बाई होत्या, त्यांनी टर्कीच्या पिसाची पोकळ दांडी कापून तिच्यावर फ्लाय बांधली, ती पहिली ट्यूब फ्लाय असं मानलं जातं. प्लास्टिक आणि धातू मागाहून आले. मी त्या गावात चार वर्षं राहून हे मला एका घिलीकडून कळावं ह्याची लाज वाटली.

दोन प्रश्न आहेत. भारतात महासीरवर (आपल्या नद्यांतला तो मोठा मासा) कोणी ट्यूब वापरलीय का? आणि घरगुती पुंगळी कशाची करता येईल? इथे लोक कान कोरायच्या काड्यांची करायचे, पण प्लास्टिकच्या काडीवाल्या कापूसकाड्या स्कॉटलंडने २०१९ पासून बंद केल्या, आता कागदाच्या येतात, त्या पाण्यात लगदा होतात.

गरीवाला_मालवण, १४ मार्च

आमी गरीक सुंगटां (कोळंबी) लावतो, तुमी केस लावतास. आणि मासो पण खुळो, जेवण सोडल्यार पण केसांक लागता. आमच्या खाडीतली तांबोशी असली खुळी नाय हा, तिका ताजी सुंगटां व्हयी, काल्ची लावलास तर वास घेऊन परत जाता.

पण ता गळ सुटो असता ना ता आमचो आजो पण करायचो. नळी नाय, नुसतो शिशाचो मणी तंगुसात सरकतो ठेवायचो, मासो लागलो की मणी वर. तत्त्व तांच.

सुरमई_फॅन, १४ मार्च

आधी हे सांग की चवीला कसा लागतो. आणि हॉटेलात इंडियन सॅल्मन म्हणून रावस देतात तो हाच का? दोन्ही खाल्लेल्याने सांगावं.

डीकाठी, १५ मार्च

@सुरमई_फॅन रावस वेगळा मासा, सॅल्मनशी त्याचं नातंगोतं काही नाही, नाव तेवढं चिकटलं आणि हॉटेलवाल्यांनी टिकवलं. चवीला मी रावस घेईन, सरळ सांगतो. आणि डीवरचा सॅल्मन मी अजून चाखलेला नाही कारण इथे धरलेला सोडायचा असतो. १ एप्रिलच्या आधीचा तर अख्ख्या स्कॉटलंडमध्ये सोडावाच लागतो, २०१५ पासूनचा कायदा आहे. गळाने धरलेला सॅल्मन विकणं पण बेकायदा. दुकानात मिळतो तो बहुतेक पिंजऱ्यात वाढवलेला.

@गरीवाला आजोबांना साष्टांग. शिशाचा मणी ही तर अर्धी ट्यूब फ्लाय झाली, केस लावायचे राहिले.

स्टॅव्हँगरकर, १५ मार्च

वा, आपल्या धंद्याचा धागा आला एकदाचा! मी पण तेलातलाच, नॉर्वेत बारा वर्षं. डीकाठी, तू पुंगळीच्या वजनाबद्दल काहीच लिहिलं नाहीस, निम्मी विद्या तर तिथेच आहे. प्लास्टिक वरच्यावर तरंगत चालतं, ॲल्युमिनियम जरासं खाली, तांबं-पितळ आणखी खाली, टंगस्टन तर दगडच. एकच फ्लाय, तेच केस, पुंगळी बदलली की वेगळ्या मजल्यावर जाते.

आमच्याकडे सगळ्यात चालते ती सनरे शॅडो. रे ब्रूक्स नावाच्या इंग्रज माणसाने लेरडाल नदीवर काढलेली, नावातच त्याने स्वतःला घुसवलंय. इतकी साधी की हसू येईल: पुंगळी, खाली थोडे पांढरे केस, वर लांबच लांब काळे केस, खेळ खल्लास. पूर्वी म्हणे माकडाचे केस लावायचे, आता बकरीचे. ही प्लास्टिकवर बांधायची आणि जोरात ओढायची, हळू नाही. हळू ओढली की मासा बघत बसतो, विचार करतो, आणि विचार करणारा मासा लागत नाही.

एक रडगाणं पण गातो. २०२४ च्या जूनमध्ये मी सुट्टी टाकून, तंबू भरून निघणार तर सरकारने ३३ नद्या एका फटक्यात बंद केल्या, समुद्रातून मासा परत आलाच नाही. सुट्टी गेली बायकोच्या बहिणीकडे. तेव्हापासून सोडून द्यायच्या नियमावर मी वाद घालत नाही.

डीकाठी, १५ मार्च

@स्टॅव्हँगरकर वजनाचं मुद्दाम टाळलं होतं कारण ती गोष्ट माझ्या अंगाशी आहे, अक्षरशः. पहिल्या वर्षी कोणीतरी सांगितलं की गार पाण्यात मासा तळाला असतो, खाली उतर. मी दोन इंची पितळी पुंगळी लावली. दोन हातांनी धरायचा चौदा फुटी रॉड, स्पे कास्ट (लाइन पाठीमागे न उलगडता पुढे फेकायची पद्धत) नीट येत नव्हता, वाऱ्याने लाइन आत ढकलली आणि ती पितळी पुंगळी सणसणत येऊन माझ्या जॅकेटच्या टोपीत बसली, कानामागे. टोपी नसती तर गळ कानात होता. दुसऱ्यांदा तीच पुंगळी रॉडवर आपटली, टिच्च आवाज आला, बाकी काही झालं नाही असं वाटलं, आणि पुढच्या आठवड्यात नुसती लाइन उचलताना रॉडचं टोक तिथेच मोडलं. कार्बनला एकदा ठेच लागली की संपलं. तेव्हापासून टोपी आणि गॉगल घातल्याशिवाय मी पाण्यात उतरत नाही, आणि खोल जायचं असेल तर फ्लाय हलकी ठेवून बुडणारी लाइन लावतो.

पाण्याच्या तापमानाचं ढोबळ गणित असं: नऊ-दहा डिग्रीच्या खाली मोठी फ्लाय, खोल आणि सावकाश. त्याच्या वर गेलं की बारीक फ्लाय, वरच्यावर. पूर्वी ह्याच डीवर केअर्नटनला आर्थर वूड नावाचे गृहस्थ लाइनला ग्रीज फासून ती तरंगती ठेवायचे आणि बारीकशी फ्लाय पाण्याच्या अगदी वरच्या थरात फिरवायचे. मे महिन्यात मी पण वरच खेळतो, अर्ध्या-पाऊण इंची प्लास्टिक पुंगळी, बास.

अनुस्वार, १६ मार्च

धागा आवडला पण 'फ्लाय फ्लाय' काय लावलंय, सरळ माशी म्हणा की. मासा धरायला माशी. पुंगळी म्हणालात ते मात्र उत्तम, तेवढ्यासाठी शंभर गुण. पुंगळीमाशी असा शब्द रूढ करावा असं सुचवतो.

गरीवाला_मालवण, १६ मार्च

पुंगळीमाशी म्हटल्यार आमच्याकडे लोक डंख मारणारी समजतले.

तुळशीवृंदावन, १६ मार्च

कोणाचा मूड घालवायचा नाहीये पण प्रामाणिकपणे विचारते. खायचा असेल तर मी समजू शकते, माझ्या सासरी सगळे खातात. पण खायचा नाही, विकायचा नाही, सोडून द्यायचा, तर मग त्या बिचाऱ्याच्या तोंडात लोखंड घालून आठ मिनिटं ओढायचं कशासाठी? आणि तो अंडी घालायला आलेला, उपाशी. मला हे खाण्यापेक्षा वाईट वाटतं.

स्टॅव्हँगरकर, १६ मार्च

ताई, नदीवर येणाऱ्यांच्या परमिटच्या पैशावरच नदीची राखण चालते. आम्ही नसतो तर नदीकडे बघायला पण कोणी आलं नसतं.

तुळशीवृंदावन, १६ मार्च

हे शिकारी लोक पण वाघाबद्दल म्हणायचे.

डीकाठी, १७ मार्च

@तुळशीवृंदावन तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, आणि परमिटच्या पैशाचं उत्तर खरं असलं तरी मी काही राखणीसाठी जात नाही, मला आवडतं म्हणून जातो. ब्रिटनमधला सॅल्मन २०२३ च्या शेवटी आययूसीएनच्या (निसर्ग संवर्धनाची आंतरराष्ट्रीय संघटना) यादीत संकटग्रस्त झाला, त्यामुळे हा प्रश्न नदीवर पण चालतो, तुम्ही एकट्या नाही. माझ्यापुरतं सांगतो की पाणी उन्हाळ्यात तापलं की मी जात नाही, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि दमलेला मासा सावरत नाही. आता डीच्या वरच्या खोऱ्यात सावलीसाठी काठाने देशी झाडं लावतायत, त्याला दोन शनिवार जाऊन आलो. उरलेल्या वेळी गळ एकच, उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट केलेला, मासा पाण्याबाहेर काढायचा नाही, फोटो नाही काढला तरी चालेल. ट्यूबचा इथे पण फायदा आहे, गळ बुटका असल्याने जबड्याच्या कोपऱ्यात बसतो आणि चिमट्याने एका झटक्यात निघतो, लांब गळ डोळ्यापर्यंत जायचा. ह्याने तुमचं समाधान होईल असं वाटत नाही, ठीक आहे.

लोणावळेकर, १७ मार्च

महासीरचं विचारलंयस म्हणून. लोणावळ्याला वळवणला टाटांची महासीरची हॅचरी आहे, तिथली पिल्लं कितीतरी ठिकाणी सोडली गेली, शाळेच्या सहलीत आम्ही ती हौदात बघितली होती. मी स्वतः ट्यूब वापरलेली नाही पण एक गोष्ट लक्षात ठेव, महासीरच्या घशात दात असतात आणि चिरडायची ताकद भयानक, साधा गळ बोटाने वाकवल्यासारखा सपाट करतो. त्यामुळे बारीक गळ चालणार नाही, जाड तारेचाच लाव. पुंगळी वर सरकत असेल तर निदान ती तरी वाचेल.

आणि महाडजवळ वाळणकोंडाला कधी गेलायस का? काळ नदीच्या डोहात महासीर आहेत, वरदायिनी देवीचे म्हणून कोणी हात लावत नाही, लोक चुरमुरे टाकतात. झुलत्या पुलावरून खाली बघ, काळ्या पाठी फिरताना दिसतात. तुळशीवृंदावन, तुम्हाला तिथे आवडेल.

तुळशीवृंदावन, १७ मार्च

गेलेय! लहानपणी. माझ्या हातातला लाडू पडला होता तो पण गेला.

शिवणकला, १८ मार्च

मला मासेमारीतलं ओ की ठो कळत नाही पण हस्तकला म्हणून वाचतेय. पुंगळीसाठी पेनाची रिकामी रिफिल का नाही वापरत? आमच्याकडे मुलांच्या दप्तरात दहा सापडतात. आणि काळे लांब केस हवेत ना, मग गंगावन! आईचं जुनं गंगावन माळ्यावर असेलच कोणाकडे तरी.

डीकाठी, १८ मार्च

@शिवणकला तुम्ही ग्रेट आहात. रिफिल! इतकी वर्षं दुकानातून नळ्यांचं पाकीट घेतोय. गेल्या वेळी पुण्याहून येताना लेकीच्या कंपासात पाच-सहा रिफिली आल्यात. गंगावनासाठी आईला फोन करतो, काय ऐकवेल माहीत नाही.

डीकाठी, ९ एप्रिल

अपडेट. समुद्रावरून आलो आणि टेबल मांडून बसलो. कृती सविस्तर देतो, शिवणकला ह्यांच्यासाठी.

रिफिलचं पितळी टोक पक्कडीने उपटलं. आतली शाई वाळली असेल असं वाटलं होतं, नव्हती वाळली. स्पिरिट आणि इअरबडने (कागदाच्या!) तीनदा पुसली. दीड इंचाचा तुकडा ब्लेडने कापला, तिरका नको, पुंगळीचं तोंड तिरकं असलं तर फ्लाय पाण्यात गिरक्या घेते. जाड सुई शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये आडवी पकडली आणि रिफिल तिच्यावर घट्ट सरकवली. मागचा पाव इंच मोकळा सोडायचा, तिथे सिलिकॉनची नळी चढते. मग काळा धागा, त्यावर चपटी रुपेरी जर पुढून मागे आणि मागून पुढे, खाली चिमूटभर पांढरे केस, वर पुंगळीच्या दुप्पट लांब काळे. केस एकदम जाडजूड लावायचा मोह होतो, तो टाळायचा, पंधरा-वीस केसांची बट पुरते. मुंडीवर धागा, गाठ, वार्निश. शेवटी पुढचं तोंड लायटरच्या ज्योतीजवळ, ज्योतीत नाही, क्षणभर धरायचं म्हणजे प्लास्टिक वळून गोल ओठ तयार होतो, त्याने धागा निसटत नाही आणि तंगूस घासत नाही. धातूची पुंगळी असेल तर आत प्लास्टिकचं अस्तर हवंच, नाहीतर कड तंगूस कापते आणि मासा फ्लायसकट जातो.

गंगावन: आईने पाठवलं, सोबत चिठ्ठी की डोक्याला लावायचं माशाला लावतोयस, तुझ्या वडिलांना सांगू नको. बांधलं तर दिसायला झकास, दुकानातल्यापेक्षा चकचकीत. मग बाथटबमध्ये पाणी भरून ओढून बघितलं. सगळे केस एकमेकांना चिकटून ओल्या वेणीसारखे सरळ, जीवच नाही. बकरीचे केस शेजारी ओढले तर शेंड्याशी थरथरतात. फरक कशाने ते भिंगातून कळलं, बकरीचा केस टोकाकडे निमुळता होत जातो आणि गंगावनाचा कापलेला असतो, मुळापासून शेंड्यापर्यंत सारखाच जाड. त्यामुळे गंगावन बाद, रिफिल पास. आईला सांगितलंय की मासे धरले.

शिवणकला, ९ एप्रिल

चिठ्ठी वाचून डोळ्यात पाणी आलं हसून. रिफिल पास झाली हे वाचून दोन दिवस मी हवेत.

डीकाठी, २१ सप्टेंबर

धागा वर काढतोय, माफ करा. काल शनिवार, बँकरीच्या खाली. परवा डोंगरात पाऊस झाला होता, पाणी चहाच्या रंगाचं, उतरत होतं. सकाळी आधी फ्यू नदीच्या पुलावर जाऊन धबधब्यात उड्या मारणारे सॅल्मन बघितले, तिथे कायम पाचदहा माणसं मोबाइल धरून उभी असतात आणि मोबाइल खाली केला की मासा उडतो.

साडेअकराला रिफिलवाली सनरे लावली. कास्ट, लाइन प्रवाहात आडवी फिरते, दोन पावलं खाली, परत कास्ट. तासभर काही नाही. मग लाइन मधेच थांबली. इथे ओढायचं नसतं, घिली लोक शिकवतात की बोटातली दोरी सोड आणि गॉड सेव्ह द किंग म्हणेपर्यंत थांब, मासा वळला की गळ आपोआप बसतो. मी बे एके बे म्हणतो, बे चोक आठला रॉड उचलला आणि आठलाच वजन लागलं.

पाच पाउंडाच्या आतबाहेरचा, एक हिवाळा समुद्रात काढून आलेला. मान झटकली त्याने, तीनदा झटकली, मला पोटात खड्डा पडला, पण दोरी ताठ राहिली. काठाशी आला तेव्हा पुंगळी तंगुसावर हातभर वर सरकून निवांत लोंबत होती आणि गळ जबड्याच्या कोपऱ्यात एकटा. चिमट्याने काढला, मासा पाण्यातच. शेपटीच्या वर हात धरून तोंड प्रवाहाकडे करून उभा राहिलो, तो कल्ले हलवत होता, मग एकदम हात ढकलून गेला. फोटो नाही.

गरीवाला_मालवण, २१ सप्टेंबर

अभिनंदन हा! आजो असतो तर खूश झालो असतो, पण सोडलंस म्हणून शिव्या पण घातल्या असत्यो.

स्टॅव्हँगरकर, २१ सप्टेंबर

रिफिलवर सॅल्मन! पुढच्या वर्षी मी तुझ्याकडे येतोय, मेव्हणीकडे नाही. वेडर्स, जाळी सगळं निर्जंतुक करून वाळवून आणतो, आमच्याकडच्या नद्यांतला परजीवी तिकडे नको, त्याने नॉर्वेतल्या नद्याच्या नद्या रिकाम्या केल्यात.

सुरमई_फॅन, २२ सप्टेंबर

रिफिल जेलची की साधी? आणि फ्लाय अजून ठीक आहे का?

डीकाठी, २२ सप्टेंबर

साधी, निळी. फ्लाय ठणठणीत आहे, एक केस गेला नाही. फक्त खालचे पांढरे केस आता फिकट निळे झालेत, शाई आत राहिली होती कुठेतरी. तशीच ठेवतोय.